एका माणसापुरता कायदा

ताई माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. पुढचं सगळं, म्हणजे शाळेचा डबा, गोवर, इंजिनिअरिंगची ॲडमिशन, ताईनेच निभावलं आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. पण अमेरिकन सरकारच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मला 'बहीण' असंच लिहावं लागलं. 'आई' लिहिता आलं असतं तर काही महिन्यांत ती माझ्याकडे कायमची राहायला आली असती. बहिणींसाठी मात्र रांग होती, आणि ती वर्षानुवर्षं सरकत नाही असं वकिलाने मला अगदी थंडपणे सांगितलं.

तेवढी वर्षं ताईच्या डोळ्यांपाशी नव्हती. काचबिंदूने तिची नजर कडेकडेने जात चालली होती. जिल्हा परिषदेतून रिटायर होऊन ती नागपूरला दोन खोल्यांत एकटीच राहत होती. स्टोव्हवर हात भाजून घेतल्याचं तिने मला पत्रात कळवलं, तेही शेजारच्या मुलीकडून लिहवून. मी तडक जाऊन तिला व्हिजिटर व्हिसावर माझ्याकडे, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी, घेऊन आलो. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर होतो, नुकताच सिटिझन झालो होतो, आणि या देशात आपल्याला सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

व्हिसा संपत आला तेव्हा मी आमच्या काँग्रेसमनच्या, म्हणजे इथल्या खासदाराच्या, ऑफिसात गेलो. लाँड्री आणि दातांचा दवाखाना यांच्या मधली ती खोली. तिथे एक पन्नाशीची बाई होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "प्रायव्हेट बिल मांडता येईल. फक्त तुमच्या बहिणीसाठी कायदा."

"एका माणसासाठी कायदा?" मी विचारलं. मला ती थट्टा करतेय असं वाटलं.

पण ते खरं होतं. वॉशिंग्टनमधल्या त्या प्रचंड सभागृहात नागपूरच्या एका निवृत्त हेडक्लार्क बाईच्या नावाचा कायदा होऊ शकत होता. बाईने मला नीट समजावलं. बिलाचा निकाल लागेपर्यंत ताईला इथे राहता येणार होतं. बिल आधी ज्या कमिटीत जाणार तिथे काँग्रेसमनच्या पक्षाचं बहुमत होतं आणि कमिटीचे अध्यक्ष आमच्या साहेबांना मानत होते. तिथून सुटलं की अशा बिलांसाठी ठरलेल्या एखाद्या मंगळवारी ते सभागृहात पुकारलं जाणार. त्यासाठी दोन्ही पक्ष आपापली माणसं नेमतात, आणि त्यांचं काम एकच, आक्षेप घ्यायचा की नाही ते ठरवणं. कोणी बोललं नाही तर मिनिटभरात पास. दोघांनी हरकत घेतली की बिल परत कमिटीत, म्हणजे संपल्यातच जमा.

"हे काम गुपचूप होतं," ती म्हणाली. "तुम्ही काही करू नका. फक्त थांबा."

आणि थांबणं मला आजवर कधी जमलेलं नाही.

वर्षभराने बिल कमिटीतून पास झालं. ताईने माझ्या शाळकरी लेकीला मदतीला घेऊन रव्याचे लाडू केले, अंदाजाने, हाताला लागेल तसे. मी ते त्या ऑफिसात नेऊन दिले. सभागृहाचा मंगळवार तेवढा बाकी होता; पुढे सीनेटमध्ये सहसा अडत नाही, असं बाई म्हणाली होती. आणि नेमकी त्याच वेळी निवडणूक जवळ आली.

आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळात मुंबईचे एक डॉक्टर काका होते. सगळ्यांत आधी इकडे आलेले, त्यामुळे सगळ्यांचे सल्लागार. त्यांनी मला बाजूला घेतलं. "अरे, तुझा हा काँग्रेसमन उद्या पडला तर? दुसऱ्या पार्टीचा कँडिडेट माझा पेशंट आहे यार. त्याला आपल्या गणपतीला इन्व्हाइट करू. दोन्हीकडे फिल्डिंग लावून ठेव."

मला ते एकदम पटलं. आपल्याकडे कामं अशीच होतात की! आमदाराची चिठ्ठी आणायची, आणि पडलेल्या आमदाराच्याही घरी पेढे द्यायचे. कोणाच्या हातात कधी काय येईल सांगता येत नाही. मला हा शहाणपणा वाटला. आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

शाळेच्या जिममध्ये गणपती होता. उमेदवार आला, आरतीला टाळ्या वाजवल्या, मोदक खाल्ला. मी ताईचा हात धरून तिला पुढे नेलं. त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले, तिची सगळी हकीकत माझ्याकडून ऐकली, डोळे ओले केले. कोणीतरी फोटो काढला. घरी येताना ताई गप्प होती. दमली असेल असं मी समजलो.

दोन आठवड्यांनी ते पत्रक प्रत्येक टपालपेटीत पडलं. पहिल्याच पानावर ताई. खाली मजकूर असा, की या जवळजवळ आंधळ्या बाईला आपला काँग्रेसमन इतक्या दिवसांत न्याय देऊ शकला नाही. मी मंडळातल्या ओळखीच्यांच्या घरी जाऊन पत्रकं गोळा करत सुटलो, जणू तेवढ्याने काही होणार होतं.

पुढच्या मंगळवारी बिल पुकारलं गेलं आणि दोघांनी आक्षेप घेतला. दोघेही उमेदवाराच्या पक्षाचे.

ऑफिसातल्या बाईचा फोन आला. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "त्या पत्रकाआधी हा तुमच्या बहिणीचा कायदा होता," ती म्हणाली. "पत्रकानंतर तो आमच्या साहेबांचा झाला. निवडणुकीच्या तोंडावर त्यांना यश मिळू द्यायचं नाही, असं वरून सांगितलं गेलं असणार. इथे प्रत्येक जण एकटा निवडून येतो, पण एकटा मत देत नाही."

डॉक्टर काकांनी उमेदवाराला फोन लावला. त्याला फार वाईट वाटलं म्हणे. पण सभागृहातले निर्णय पक्षाचे नेते घेतात, आणि तो तर अजून निवडूनही आला नव्हता. पुढे तो पडला. आमचे साहेब आरामात निवडून आले. निवडणुकीनंतरच्या नव्या काँग्रेसमध्ये, म्हणजे नव्या संसदेत, जुनी बिलं राहत नाहीत, सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं, आणि साहेबांनी ताईचं बिल पुन्हा मांडलं नाही. त्यांचं सहीचं पत्र आलं, अतिशय सभ्य भाषेतलं. त्यानंतर देश सोडण्याची नोटीस आली.

डेट्रॉइटच्या एअरपोर्टकडे निघालो तेव्हा दुपार होती आणि रस्त्याच्या कडेला मळलेल्या बर्फाचे ढीग होते. इतके दिवस मी ताईला नियमांचं कारण सांगत आलो होतो. हायवेवर मला ते सहन होईना. मी सगळं सांगून टाकलं, गणपती, फोटो, पत्रक.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "तुझ्या लेकीने वाचून दाखवलं होतं."

मग ती काचेकडे तोंड करून बोलत राहिली. "सत्तावीस वर्षं मी जिल्हा परिषदेत काढली. सत्ता कोणाची का असेना, एकाकडे फाइल चालू असताना दुसऱ्याच्या मांडवात जायचं नसतं, हे आमच्या शिपायालाही समजत होतं. तू मला एकदा विचारायचं होतंस."

"मग त्या दिवशी तू आलीस कशाला?"

"तू म्हणालास चल, म्हणून आले. मला वाटलं, इथलं वेगळं असेल."

दोन वर्षांत मी तिला औषधाच्या वेळा विचारल्या होत्या, चष्म्याचा नंबर विचारला होता, जेवायला काय करू ते विचारलं होतं. हे एवढंच विचारलं नव्हतं. तिला इथल्या राजकारणातलं काय कळणार, असं मी धरूनच चाललो होतो.

एअरपोर्टवरच्या माणसाने तिला व्हीलचेअरवर बसवलं. दाराशी तिने त्याला थांबायला लावलं आणि वळून हात हलवला. मी उभा होतो तिथून बरीच डावीकडे ती बघत होती. ताई, मी इकडे आहे, असं ओरडून सांगायला हवं होतं. मला तोंड उघडवलं नाही.