वारा सरला का?

आमच्या गावातली निम्मी पोरं मनकर्णाबाईच्या हातावर जन्मली, आणि उरलेली निम्मी जन्मली तेव्हा ती शेजारच्या गावात बाळंतपणाला गेलेली होती. हा हिशेब तिचाच. सुईण म्हणून हात हलका, जीभ मात्र जड. तिचा नवरा उकंडराव आवाजाचा एवढा दांडगा की शेतातून हाक मारली तर एसटी थांबावी. पण घरात तोच आवाज चुलीच्या धुरासारखा वर जायचा आणि छपराच्या कवेलूंतून निघून जायचा.

बाळंतीण कोणाचीही असो, बारा दिवस राज्य मनकर्णाबाईचं. कानाला फडकं, खाटेखाली शेगडी, दाराला पोतं आणि पोटात तूप. वारा हा तिचा जन्माचा वैरी. एखादी बाळंतीण पोट फुगून, तापानं फणफणून गेली, की मनकर्णाबाई सांगायची, "वारा लागला." त्यावर पुढं विचारायची कोणाची छाती नव्हती.

महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली असतील. तिची सून कोकिळा पहिलटकरीण होती. माहेर चिखलीकडचं, सातवी पास. सासरी इतकी कमी बोलायची की शेजारणी तिला वाचा फुटावी म्हणून नवसाबिवसाची भाषा करू लागल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, सासू नसताना विहिरीवर जाऊन ऐका, मग बोला. तर या कोकिळेला कळा लागल्या आणि मनकर्णाबाईनं पोटावर हात ठेवला. एकदा ठेवला, परत ठेवला. मग हात धुवून बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली,

"गाडी जुंपा. मूल आडवं हाय. हे माह्या हातचं नाही."

तीस वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. उकंडराव एवढा घाबरला की एकाच बैलाला दोनदा जू घालायला निघाला. सडकेपर्यंत बैलगाडी, तिथून कापसाच्या ट्रकमधून खामगाव. ट्रकवाला माझ्या ओळखीचा, म्हणून मीही बरोबर होतो; नाहीतर लोकांच्या सुनेच्या बाळंतपणात माझं काय काम?

दवाखाना एका पुण्याकडच्या डॉक्टरांचा होता, खाजगी, चार खोल्यांचा. त्यांनी सिझर केलं. मुलगी झाली, खणखणीत. कोकिळाही शुद्धीवर आली. इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण मनकर्णाबाई रिकाम्या हातानं बसणारी नव्हती.

मार्गशीर्षातला बोचरा वारा, त्यात शेजारच्या जिनिंगचा कापूस उडून खोलीत येत होता. तिनं आल्याआल्या खिडकीत पोतं कोंबलं, फटींत चिंध्या घातल्या, सुनेच्या कानाला फडकं बांधलं. घरून आणलेला मेथीच्या लाडवांचा डबा खाटेखाली सरकवला. डॉक्टरांनी सध्या काही देऊ नका म्हणून बजावलं होतं, तेव्हा डबा तसाच राहिला. एक दिवस तिनं कळ काढली. तेवढंही तिच्या मानानं पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर घाईत आले. दारात उकंडराव धोतराचा सोगा धरून उभा. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि सभ्य माणसासारखं विचारलं, "वारा सरला का?"

आता पुण्याला वारा सरणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडं त्या गोष्टीला रोखठोक शब्द आहे, तो सगळ्यांना येतो आणि चारचौघांत कोणी उच्चारत नाही. आणि सरणं म्हणजे आमच्याकडं संपणं. हंगाम सरला, दाणे सरले, तसा वारा सरला. मनकर्णाबाईनं मोठ्या अभिमानानं खिडकीकडं पाहिलं.

"हाव डॉक्टर साहेब, कालचाच सरला."

डॉक्टरांना बरं वाटलं. मग आता पातळ पेज द्या, थोडी थोडी, असं म्हणून ते पुढच्या खोलीत गेले.

कोकिळेला प्रश्न कळला होता. सातवीच्या आधी का नंतर, कुठंतरी पुस्तकी शब्द तिनं वाचला असणार. पण सासूचं बोलणं खोडायचं, तेही परक्या पुरुषापुढं, दारात मामाजी उभे असताना, आणि विषय हा असला! तिनं डोळे मिटले आणि भिंतीकडं मान वळवली.

पेज एकदाच दिली गेली. पेजेनं काय होतं, अंगात रक्त कुठून येणार, असं म्हणत सासूनं डबा उघडला. संध्याकाळपर्यंत तीन लाडू, वर तूप. कोकिळा नको नको म्हणाली, पण तिचं नको त्या घरात कोणी कधी ऐकलं होतं?

सकाळी तिचं पोट ढोलकीसारखं ताणलेलं. उचकी थांबेना. मग हिरवं ओकली. टाके धरून ओकायचं म्हणजे काय, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ओठ काळे पडले होते. मनकर्णाबाईनं पोटाला कान लावला. आतल्या लेकराची धडधड ऐकायला तिनं असे शेकडो पोटांना कान लावले होते. इथं काहीच नव्हतं. ना गुरगुर, ना हालचाल. बंद घरात कान द्यावा तसं.

ती उठली. हे पोट तिनं पूर्वी पाहिलं होतं. वारा लागून गेलेल्या दोघीतिघींचं असंच होतं.

डॉक्टर आले, दाबून पाहिलं, नळीनं ऐकलं. चेहरा उतरला. आत आतड्याला पीळ पडला असेल तर पोट पुन्हा उघडावं लागेल, म्हणाले, आणि ही पोर दुसऱ्यांदा टेबलावर टिकेल याची खात्री देता येत नाही. म्हणून खरं सांगा, हिच्या पोटात काय काय गेलंय? उकंडरावानं दारातूनच सांगून टाकलं, फक्त पेज, डॉक्टर साहेब, तुमच्या हुकमाबाहेर काही नाही. बिचाऱ्याला तेवढंच ठाऊक होतं.

मनकर्णाबाईला गप्प बसता आलं असतं. डबा खाटेखाली होता, कोणी वाकून पाहिलं नव्हतं. सुईणीचं नाव एकदा गेलं की परत येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला कळणार? मी दाराबाहेरून पाहत होतो. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली,

"म्या चारले. तीन लाडू. तुमी वारा म्हनले, मले वाटलं खिडकीचा."

डॉक्टरांना क्षणभर काही समजलं नाही. मग त्यांनी पोत्याकडं पाहिलं. रागावतील असं वाटलं, पण ते स्टुलावर बसले. पोटावर शस्त्र चाललं की आतडं झोपतं, आई, असं त्यांनी तिला सांगितलं. ते जागं झाल्याची पहिली खूण म्हणजे खालून वारा जाणं. त्याआधी अन्न टाकलं की ते तिथंच साचतं. लाडवांनी झालं असेल तर संध्याकाळपर्यंत वाट पाहता येईल. तोंडानं थेंब नाही. नाकातून नळी घातली, सलाईन लावलं.

दवाखान्यात झुंबरबाई नावाची आया होती. डॉक्टर गेल्यावर तिनं सूत्रं हातात घेतली. कोकिळेला कुशीवर वळवलं, गुडघे पोटाशी घ्यायला लावले, मग दुसऱ्या कुशीवर. गोधडीची घडी करून टाक्यांवर धरायला दिली, म्हणजे खोकताना, उठताना ओढ बसत नाही. आणि म्हणाली, आता हिला चालवायचं. खोलीत चार पावलं पुरत नाहीत, बाहेरच्या ओसरीत न्यायचं.

ओसरीत वारा असा, की उकंडरावाचा पटका सुटून गेला होता.

"मारता का पोरीले?" उकंडराव ओरडला. "तिसऱ्या दिवसाची बाळंतीण वाऱ्यात नेता?"

मनकर्णाबाईनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. स्वतःचं घोंगडं सुनेला गुंडाळलं, एका हातात तिची कंबर धरली. झुंबरबाईनं सलाईनची बाटली उंच धरली. वैऱ्याच्या दारात आपण होऊन जावं तशी ती सुईण त्या वाऱ्यात उतरली. तिघी दहा पावलं गेल्या आणि कोकिळेला भोवळ आली. परत खाट. घटकाभरानं पुन्हा दहा. मग पंधरा. दर खेपेला मनकर्णाबाई पोटाला कान लावायची आणि नाही म्हणून मान हलवायची. दुपार झाली, ऊन कलू लागलं. डॉक्टरांच्या खोलीत ऑपरेशनची भांडी उकळायला ठेवल्याचा आवाज आला, तेव्हा उकंडराव माझ्याशेजारी बसून लहान पोरासारखा रडला. त्याची थट्टा मी जन्मभर केली, ही एक सोडून.

पाचव्या खेपेनंतर मनकर्णाबाईनं कान लावला तो उचललाच नाही. बराच वेळ तशीच. मग तिनं झुंबरबाईला बोटानं खुणावलं, तू ऐक. लांब, बारीक गुरगुर होती म्हणे. पण डॉक्टर म्हणाले, गुरगुरीवर भागत नाही.

दिवे लागायच्या सुमाराला ते पुन्हा आले. हात धुतलेले, बाह्या वर. मनकर्णाबाईनं नवऱ्याला आणि मला दारातून हाकललं. आम्ही दोन पावलं गेलो. ऐकू येत नाही असं म्हणणार नाही. डॉक्टरांनी प्रश्न केला, आणि सवयीनं सासूचं तोंड उघडलं. तिनं ते स्वतःच मिटलं. सुनेकडं वळून तिनं आमच्या गावठी शब्दात, अगदी विहिरीवरच्या भाषेत विचारलं. तो इथं लिहीत नाही.

"हाव, आत्याबाई," कोकिळा म्हणाली. आवाज नळीमुळं घोगरा, पण स्पष्ट. "आत्ताच. दोनदा." आणि थोडं थांबून, "काल नव्हता सरला. मले माहीत होतं. म्या बोलली नाही."

डॉक्टरांनी बाह्या खाली केल्या.

रात्रभर नळी तशीच राहिली. सकाळी ती निघाली, तेव्हा कोमट पाण्याची वाटी आणि चमचा आला. दोन चमचे, मग थांबायचं. मनकर्णाबाईनं चमचा भरला, सुनेच्या ओठांशी नेला आणि पाणी परत वाटीत ओतलं. तिनं दुसऱ्यांदा भरला, तेच. हजार पोरं झेललेला हात तो. शेवटी तिनं चमचा सुनेच्या हातात दिला.

"तूच घे. किती घ्याचं ते तूच सांग," ती म्हणाली. आणि कोकिळा एक घोट घेऊन थांबेपर्यंत तिच्या गळ्याकडं टक लावून बसली.