शिडी, नाग आणि चाक

कर्जतच्या आमच्या शाळेत इंग्रजीचा वर्ग नवीनच निघाला होता, आणि मास्तरांनी त्यात भेंड्या सुरू केल्या होत्या. दर शनिवारी ते फळ्यावर दोन-तीन इंग्रजी अक्षरे लिहीत आणि म्हणत, "पाच अक्षरांचा शब्द हवा, आणि ही सगळी त्यात हवीत." ज्याची पाळी त्याने शब्द सांगायचा. एकदा आलेला शब्द पुन्हा चालत नसे. अडला तो खाली बसे.

मी पहिल्याच फेरीत बसत असे. शब्द येत नव्हते असे नाही. वाचनाचे पुस्तक मला तोंडपाठ होते. पण ते शब्द धड्याच्या ओळीने डोक्यात बसलेले. धडा म्हणू लागलो की येत. नुसती अक्षरे समोर ठेवली की एकही जागचा हलत नसे. स्टेशनाजवळच्या मुलांच्या घरी इंग्रजी रोज कानावर पडे. त्यांच्यातला रेल्वेच्या गार्डाचा मुलगा मला, शेतकऱ्याच्या पोराला, म्हणाला, "अरे, पेंढ्यात शोध, तिथे पडला असेल तुझा शब्द!" सारा वर्ग हसला.

त्याच दिवशी मास्तरांनी जाहीर केले, की नाताळाआधी शाळाखात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येतील, आणि त्यांच्यापुढे भेंड्यांत शेवटपर्यंत उभा राहील त्याचे नाव ठाण्याच्या हायस्कुलात नादारीसाठी जाईल. नादारी म्हणजे फी माफ. तिच्याशिवाय माझी शाळा कर्जतलाच संपणार होती.

मी घरी येऊन वडिलांना सांगितले. त्यांना मी बा म्हणत असे. बा पेंढ्या रचत होते.

"ठाण्याला? आन बैलांमागं कोन चालंल?"

"बा, एवढं एकदा बघू द्या."

"मळनी हाय तवर बघ. जमलं तर जा. नाय जमलं तर औत तुज्या हातात, मंग कुरकुर नाय पायजे."

खळे उभे राहिले. मधल्या खुंटाभोवती बैल फिरत आणि त्यांच्या मागे मी. चालता चालता मी शब्द पुटपुटत असे. बा ऐकत होते ते मला माहीत नव्हते.

"काय मंतर म्हनतोस रं? तुज्या सायबाच्या भाषेत बैलाला काय म्हनत्यात?"

मी सांगितले.

"तसं हाक मारून बघ. वळतोय का?"

मी मारली. बैल वळला नाही. बा पोट धरून हसले. मग मी त्यांना भेंड्यांची रीत समजावून सांगितली. अक्षरेही काठीने मातीत काढून दाखवली. बांनी त्यांना आपली नावे ठेवली. एचची झाली एका पायरीची शिडी, एसचा नाग, ओचे चाक, ईचे गवत ओढायचे तीन दातांचे दाताळे.

दुसऱ्या दिवसापासून खळ्याबाहेरच्या मातीत बा आखलेल्या घरांची रांग काढून ठेवू लागले. "पाच घरं. नाग आन दाताळं आलंच पायजे. बैल एक फेरा घालंल तवर."

मी शब्द बोलून तो घरांत लिहून दाखवायचा. इंग्रजीचे एक अक्षर न येणारे बा तो तपासत. घर रिकामे नाही ना, नाग आहे ना, दाताळे आहे ना. शेवटी विचारत, "मंजी काय?" अर्थ सांगता आला नाही तर शब्द बाद. चुकलो की हुकूम सुटे, "चल, आनखी एक फेरा."

हळूहळू मला एक वाट सापडली. शब्द आठवायचा नाही, अक्षर हलवायचे. चाक दुसऱ्या घरात ठेवून पाहायचे, मग तिसऱ्यात, मग चौथ्यात. रिकाम्या घरांत दुसरी अक्षरे आपणहून येऊन बसत. पायांखाली पेंढा मोडत होता आणि तोंडातून शब्द पडत होते.

डेप्युटी आले तेव्हा मळणी उरकत आली होती. त्यांनी फळ्यावर तीन अक्षरे लिहिली: एच, ओ, एस. म्हणजे शिडी, चाक आणि नाग! 'हाउस' गेला, 'हॉर्स' गेला. मुले एकेक करून बसली. गार्डाचा मुलगा आणि मी उरलो. तो 'शॉर्ट' म्हणाला. माझी पाळी आली आणि डोके रिकामे झाले.

उभ्या उभ्या मला सुचेना. मला चालत विचार करायची सवय लागली होती. मी वर्गाच्या मधल्या खांबाभोवती चालू लागलो.

"बैल! बैल!" मुले ओरडली.

"जागेवर उभा राहा," मास्तर म्हणाले. पण मी थांबलो नाही. थांबलो असतो तर औतच होते. तेवढ्यात डेप्युटी म्हणाले, "चालू द्या त्याला. एक फेरी होईपर्यंत."

शिडी मी आतापर्यंत पहिल्या घरात ठेवत होतो. ती दुसऱ्यात सरकवली. तिच्यामागे चाक, त्यामागे नाग. दोन्ही टोकांची घरे रिकामी राहिली. खांबाला वळसा पुरा होता होता दोन्ही भरली.

"घोस्ट," मी म्हणालो.

गार्डाचा मुलगा छताकडे पाहत राहिला. मग खाली बसला. शाळा सुटल्यावर तो मुद्दाम माझ्याजवळ येऊन म्हणाला, "मलाही शिकव ते चालणं."

बा गिरणीवर भात घालून गाडी घेऊन शाळेपाशी आले होते. मी त्यांच्या शेजारी चढून बसलो आणि झालेले सगळे सांगितले.

"शेवटला शब्द कोनता?"

"घोस्ट."

"मंजी काय?"

"भूत."

"भुतानं तारलं म्हन की!" त्यांनी बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या. घर दिसू लागल्यावर, माझ्याकडे न बघता, ते म्हणाले, "पुढल्या सालाला बैलांमागं मीच चालंन. तू तिकडं फेरा आर्धा सोडू नको."

मी सोडला नाही. ठाण्याची शाळा झाली, मग मुंबईचे कॉलेज. पदवीचा कागद मी त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी त्यावर बोट फिरवून आधी नाग शोधला, मग चाक. दोन्ही सापडल्यावर मान वर करून विचारले, "मंजी काय?"