बाबांच्या शोकेसला सुटलेलं पाणी

भुताखेतांचे अनुभव सांगणाऱ्यांची मी आजवर मनसोक्त टिंगल केली आहे. कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे असलं काही ऐकलं की आधी हसूच येतं. पण हे आमच्या हॉलमध्ये, भरदिवसा, माझ्या डोळ्यांदेखत घडलं... म्हणून लिहितेय.

आम्ही रत्नागिरीत साळवी स्टॉपजवळ राहतो. सासऱ्यांना आम्ही बाबा म्हणतो. ते मूळचे नाटे या बंदरगावचे, सारा जन्म मासेमारीत गेलेला. त्यांची जुनी होडी मोडीत निघाली तेव्हा तिच्या चांगल्या सागवानी फळ्या त्यांनी राखून ठेवल्या. मी फ्लॅटसाठी शोरूममधली चकचकीत शोकेस पसंत केली होती, तर बाबांनी सुताराकडून त्या फळ्यांचीच करून घेतली. मी फुरंगटले. घरात आली तेव्हा मात्र बघतच राहिले. काय देखणी! लाकडाची रेष न रेष उठून दिसते, काचा बोटाने ढकलल्या की सरकतात. शेजारची प्लायवूडची कपाटं पावसाळ्यात फुगतात, बुरशी धरतात; आमच्या शोकेसला कधी काही झालं नाही. बाबा तिला भिंतीला टेकू देत नाहीत, रोज कोरड्या फडक्याने पुसतात आणि होडीला लावायचे तेच उंडीच्या बियांचं कडू तेल चोळतात. वासाने पाहुणे नाकं मुरडतात ती मुरडोत. मी एकदा पॉलिश आणलं तर म्हणाले, "लाकडाक तेल लागता गो, पॉलिश कशाक?"

गेल्या वर्षी दसरा झाल्यावरची गोष्ट. माझे धाकटे दीर नाट्याहून फायबरची बोट घेऊन समुद्रात गेले होते. बरोबरच्या बोटी सकाळी परतल्या, भावजींची नाही. फोन लागेना. आमचे हे नाट्याला धावले, दोन बोटी शोधायला गेल्या. घरी मी आणि बाबा. मी एकसारखा भावजींचा नंबर फिरवत होते.

तेवढ्यात बाबांनी हाक मारली. शोकेसच्या फळ्यांतून पाणी पाझरत होतं. मागची भिंत कोरडी ठणठणीत, बाहेर कडक ऊन...

"दमट हवा असेल," मी म्हटलं.

"दमट हवा नाय ही. चाखून बघ."

चाखलं. खारट होतं — समुद्राच्या पाण्यासारखं.

बाबांनी जुनी लुंगी फाडली आणि पुसायला बसले. पुसायचं, तेल चोळायचं. परत पाणी, परत फडकं. रडणं नाही, देवाचा धावा नाही. काय माणूस आहे हा, असं वाटलं मला. मग मीही ओढणी खोचून त्यांच्या शेजारी बसले. दुपार कलली आणि पाणी थांबलं.

"आता येतलो तो," बाबा म्हणाले.

संध्याकाळी भावजी खरंच घरी आले, ओलेचिंब, डोळे लाल. बोट तरंगत्या ओंडक्यावर आपटून तळ फुटला, इंजिन बंद पडलं, मोबाईल भिजला. सकाळपासून बोटीवरचे सगळे पाणी उपसत होते; शेवटी शोधायला गेलेल्या बोटीने त्यांना ओढून बंदरात आणलं.

"दुपार कलल्यावर पाणी आत यायचंच थांबलं, वहिनी. बंदरात बोट वर काढली तर फट तशीच. हात जाईल एवढी."

शोकेसचं त्यांना अजून कोणीच सांगितलं नव्हतं.

दमटपणा, क्षार, लाकडातला ओलावा... मी नंतर सगळं तपासून थकले. बाबांनी मात्र त्या संध्याकाळी भावजींना पाटावर बसवलं. "आधी जेव," एवढंच म्हणाले आणि भात वाढायला घेतला. दिवसभर न थकलेले ते हात भावजींच्या ताटात भात वाढतच राहिले, शेवटी भातवाढी मला काढून घ्यावी लागली.