वाचायची सावड

किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही हो. तेरहून धाराशिवला रोज सकाळी सातच्या एसटीनं जायचं, चौघांनी मिळून मागची सीट धरायची आणि चौघांत पुस्तक एकच. एवढं असलं की बास, किस्से आपोआप साठतात. वर्षाच्या शेवटी माझ्या वहीत नोट्स कमी आणि किस्सेच जास्त निघाले. आता मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, तरी कट्ट्यावर बसलं की पोरी म्हणतात, अश्विनी, ते पहिल्या वर्षाचं सांग ना. सांगते. पण मधे बोलायचं नाही.

तर, पहिल्या वर्षाला मराठीला एक जाडजूड कादंबरी नेमलेली. लायब्ररीत तिच्या तीन प्रती, त्यातल्या दोन सीनियर पोरांनी नेल्या त्या नेल्याच. मराठीचे कदम सर पहिल्याच तासाला म्हणाले, "मी तोंडी परीक्षा घेणार. तोंडीत नापास तो विषयात नापास. गाइड वाचून येणाऱ्यानं येऊच नये."

आता आमची अवस्था बघा. माझी आई अंगणवाडीत, त्यामुळं सकाळचा स्वयंपाक आणि दोन भावांचे डबे माझ्या गळ्यात. बालाजी पहाटे पोलीस भरतीसाठी पळायचा आणि संध्याकाळी दूध संकलन केंद्रावर बसायचा. शबाना अब्बांच्या शिलाईच्या दुकानात काज-बटणं करायची. आणि चौथ्या संगीता वहिनी. बारावी झाली, लग्न झालं, सहा वर्षं घरात गेली, तीन वर्षांचं पोरगं, आणि मग पुन्हा कॉलेज.

वहिनींचं आमच्यासारखं नव्हतं. आम्ही नापास झालो असतो तर घरच्यांच्या शिव्या खाऊन पुन्हा बसलो असतो. त्यांना सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, एका अटीवर सोडलेलं. सगळे विषय एका दमात निघाले तर दुसरं वर्ष. एक जरी राहिला तर कॉलेज बंद. अप्पा वाईट माणूस नव्हे, पण एकदा बोलले की बोलले. आणि वहिनींना शिकायचं किती होतं ते आम्ही रोज बघत होतो. बस पकडायला त्या पळत यायच्या तेव्हा हाताला पीठ तसंच असायचं.

वाट काढली बालाजीनं. म्हणाला, "आपल्याकडं खुरपणीला सावड करत्यात का न्हाय? आज समदे तुमच्या रानात, उद्या माझ्या. तशी वाचायला करू."

झालं! पुस्तकाचे चार भाग केले. पुस्तक पंधरा-पंधरा दिवस एकेकाकडं. ज्यानं त्यानं आपला भाग वाचायचा आणि बसमध्ये बाकीच्यांना सांगायचा. पहिला भाग शबानाचा, दुसरा माझा, तिसरा वहिनींचा आणि शेवट बालाजीचा. शेवट त्याच्याकडं दिला, ही आमची चूक.

*

शबाना मशीनजवळ बसून वाचायची. एका मांडीवर शाळेचे युनिफॉर्म, दुसऱ्या मांडीवर कादंबरी. मधेच कुणी आलं की हाताला लागेल तो कागद खुणेला घालायची. तिचे पंधरा दिवस संपले, पुस्तक माझ्याकडं आलं.

त्याच दिवशी दुकानात एक मावशी आल्या. भाचीचं लग्न चार दिवसांवर, ब्लाऊज कुठाय? अब्बांनी मापाची चिठ्ठी शोधली. ड्रॉवर उपसला, कापडाचे गठ्ठे उलटेपालटे केले. चिठ्ठी नाही. मावशींचा आवाज पार रस्त्यावर. शेवटी अब्बांनी पोरीला विचारलं, माप गेलं कुठं?

शबाना म्हणाली, "कादंबरीत, अब्बा."

चिठ्ठी मला पुस्तक उघडताच सापडली होती. मी म्हटलं असेल कसला तरी हिशोब, म्हणून तशीच आत ठेवलेली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये दिली. ब्लाऊज वेळेत झालं, पण तेव्हापासून दुकानात काहीही हरवलं, कात्री म्हणा, खडू म्हणा, अब्बा आधी पोरीच्या पुस्तकात बघायचे.

*

माझा भाग मी मोबाईलवर वाचून रेकॉर्ड केला. हुशारी माझीच. बालाजी कानात घालून पळता पळता ऐकायचा. पहिले चार दिवस गडी खूश, त्याचं टायमिंगसुद्धा सुधारलं.

कादंबरीत सरू नावाची विधवा बाई आहे. ती माहेरी परत येते, आणि तिचा एकमेव आधार म्हणजे बाप. माझ्या भागात तो बाप जातो. ते वाचताना मी दोनदा रेकॉर्डिंग थांबवलं होतं, आता काय लपवायचं.

त्या सकाळी बालाजी तिसऱ्या चकरीला ग्राउंडवर मधेच खाली बसला. ट्रेनर धावत आले. गोळा आला का? पाय मुरगळला का? पाण्याची बाटली आणली, पाय चोळायला घेतला. हा आपला डोळे पुसतोय.

"न्हाय सर," म्हणाला, "सरूचा बाप वारला."

ट्रेनरनी त्याला त्या दिवशी सुट्टी दिली. सरू कोण, हे त्यांनी विचारलंच नाही.

*

मी बसमध्ये सरूच्या भावाचं सांगत होते. बाप गेल्यावर तो तिला जमिनीत वाटा देत नाही, हक्कसोडीवर सही कर म्हणून मागं लागतो. मी जरा रंगवूनच सांगत होते. पुढच्या सीटवर एक आजोबा बसलेले, फेटेवाले. ते हळूहळू वळले, मग पूर्णच वळले, मग म्हणाले, "कुण्या गावची पोरगी म्हणायची ही? म्या येतो तिच्या भावाला समजावून सांगायला."

आम्ही म्हटलं, आजोबा, पुस्तकातली आहे.

"पुस्तकातली असंल," ते म्हणाले, "पण वाटा द्याय पायजे का न्हाय?"

बसमध्ये चर्चा पेटली. अर्धी बस भावाच्या बाजूनं, अर्धी सरूच्या. धाराशिव येईपर्यंत आवाज वाढत गेला. कंडक्टर मात्र तिकिटं फाडता फाडता दोन्हीकडच्यांना हो हो म्हणत होता.

*

आता वहिनींचं. त्यांच्या सासूबाई, आत्याबाई म्हणतात त्या, सुरुवातीला फार वैतागायच्या. पुस्तकात डोकं घालून बसती, भाकरी करपती, पोरगं रडतं. वहिनी सगळं ऐकून घ्यायच्या आणि तव्यासमोर पुस्तक उभं करून वाचायच्या. पानांना पीठ लागायचं.

एका संध्याकाळी आत्याबाईंनी विचारलं, एवढं हाय तरी काय त्यात? वहिनींनी थोडक्यात सांगितलं. सरू, बाप, भाऊ, वाटा, आणि आता तिनं कोर्टात घातलेला दावा. आत्याबाई पुढं सरकल्या. मग त्यांनी परात स्वतःकडं ओढली आणि म्हणाल्या, "म्या थापते भाकरी. तू वाच मोठ्यानं."

आत्याबाईंना अक्षर येत नाही. पण ऐकायला असं कुणी बसत नसेल. सरूच्या भावाला त्या चुलीपाशी बसून शिव्या द्यायच्या. एकदा आम्ही त्यांच्याकडं चहाला गेलो, तर मला म्हणाल्या, वकील बदलायला सांगा तिला.

वहिनींचे पंधरा दिवस संपले. पुस्तक बालाजीला द्यायचं, तर वहिनी हात हलवत आल्या. आत्याबाईंनी पुस्तक ज्वारीच्या कोठीत ठेवलेलं! म्हणाल्या होत्या, दाव्याचा निकाल ऐकल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. बालाजीनं सांगितला की निकाल त्याच दिवशी घरी सांगते, असं वहिनींनी कबूल केलं तेव्हा कुठं पुस्तक कोठीतून निघालं.

नंतर एकदा वहिनींनी मला हळूच सांगितलं. आत्याबाईंचं माहेर कळंबकडचं. लग्नानंतर दोनच वर्षांनी त्यांनी भावाच्या कागदावर अंगठा दिलेला. मला फार वाईट वाटलं, आणि त्या शिव्यांचा अर्थही तेव्हा लागला.

*

तोंडी परीक्षेच्या दोन दिवस आधी बालाजीनं बसमध्ये शेवट सांगितला. भाऊबीजेला भाऊ रडत येतो, सरूच्या पायावर डोकं ठेवतो, सरू हक्कसोडीवर सही करते, आणि सगळे मिळून श्रीखंड-पुरी खातात. आम्हाला पटलं. छान वाटलं.

वहिनींनी घरी जाऊन आत्याबाईंना सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "न्हाय. एवढी वरसं दावा लढलेली बाई सही करायची न्हाय. त्या पोरानं वाचलंच नसंल. जा, पुस्तक आण."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वहिनी दूध केंद्रावर गेल्या. बालाजी नव्हता, पुस्तक दुधाचं फॅट मोजायच्या मशीनमागं होतं. ते घरी आणून शेवटची साठ पानं त्यांनी आत्याबाईंना वाचून दाखवली. सरू सही करत नाही. भाऊबीज तर त्यात कुठंच नाही. सरू दावा जिंकते आणि स्वतः तिफणीमागं उभी राहून पेरणी करते.

आम्हाला कळवायचं, तर फोनवर पोरानं दिवसभर कार्टून बघितलेलं, चार्जिंग संपलेलं आणि रात्रभर लाइट नव्हती. सकाळी पोराला ताप, म्हणून त्यांची बसही चुकली. त्या पोहोचेपर्यंत आम्ही तिघं आत जाऊन आलो होतो.

शबानाला सरांनी शेवट विचारला. तिनं श्रीखंड-पुरीपर्यंत सांगितला. मला विचारला, मी तर रडणारा भाऊ करूनही दाखवला. बालाजी आत गेला तेव्हा सरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, "हे श्रीखंड कुठल्या पानावर आहे?"

बालाजीनं कबूल केलं. भरतीची फिजिकल जवळ आलेली, पुस्तक उघडलंच नव्हतं. सर म्हणाले, "शेवट गोड केलात, पण कादंबरी तुमची नाही." आम्हा तिघांना आठ दिवसांनी पुन्हा बोलावलं. मला एवढा राग आला की मी आठवडाभर बालाजीशी बोलले नाही. सावडीत दुसऱ्याच्या रानातलं तण वरवर मातीनं झाकून यायचं असतं का?

वहिनींनी मात्र खरा शेवट सांगितला. सरांनी विचारलं, हे तुम्ही स्वतः वाचलंत ना? वहिनी म्हणाल्या, "वाचलं मी, सर. पण ओळखलं आमच्या आत्याबाईंनी."

*

निकाल लागला. आम्ही तिघं पास. मराठीत वहिनी वर्गात दुसऱ्या. आणि त्यांचंच इंग्रजी राहिलं. चार मार्कांनी.

परत येताना बसमध्ये  वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. मला रडू आलं, शबानानं माझा हात धरला. कॉलेजच्या नियमानं एक विषय राहिला तरी दुसऱ्या वर्षाला बसता येतं. पण अप्पांचा नियम वेगळा होता. वहिनी उतरताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही चांगलं शिका गं."

त्यानंतर त्या बसला आल्याच नाहीत. फोन केला तर दोन शब्द बोलून ठेवायच्या.

ॲडमिशनला दोन दिवस उरले होते. मी आणि शबाना लायब्ररीत बसलेलो. दारातून नऊवारीतली बाई आत आली, डोक्यावर पदर. आत्याबाई! आमच्याकडं त्यांचं लक्षच नव्हतं. सरळ काउंटरवर गेल्या आणि मॅडमना म्हणाल्या, "दुसऱ्या वर्षाला जी कादंबरी लावलीया, ती द्या."

मॅडमनी विचारलं, कुणाच्या नावावर? आत्याबाईंनी सुनेचं नाव सांगितलं. मॅडमनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, "मावशी, त्यांचं ॲडमिशनच झालेलं नाही. ॲडमिशन झाल्याशिवाय पुस्तक देता येत नाही."

आत्याबाई  मग दाराकडं वळल्या. दारात अप्पा उभे होते, कडेवर नातू.

"ऐकलं का?" आत्याबाई म्हणाल्या. "ॲडमिशन झाल्याबिगर पुस्तक देत न्हाईत म्हणं."

अप्पांनी नातवाला खाली ठेवलं. खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडं बघून विचारलं, "पोरी, फॉर्म कुठं मिळतो?"