वाणी आपल्या पायांनी आला

तुमच्या आईने फोनवर सांगितलं, की तुम्ही वर्गात म्हणालात, आमच्या आजीने जंगलात एक नवा प्राणी शोधला. बाईंनी विचारलं, कुठल्या जंगलात? तुम्ही म्हणालात, दौंडजवळ. त्यांनी नकाशा पाहिला आणि त्या हसल्या. हसू द्या. मलाही हसले होते. पुढच्या वेळी तुम्हाला उत्तर देता यावं, म्हणून क्रमाने लिहिते.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी दौंडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवत होते, निवृत्तीला दोन वर्षं होती. भीमेकाठच्या एका वाडीत देवीचं रान आहे. दीडेक एकर, भोवती दगडी बांध, चारी बाजूंनी ऊस. आत वड, करंज, जांभळं आणि खाली गुडघाभर पाला. पाला इतका साठतो, कारण त्या रानातून काहीही बाहेर न्यायचं नाही. चुलीला सरपण नसलं तरी तिथली वाळकी काटकीसुद्धा कुणी उचलत नाही.

मला हे माहीत होतं. तरीही एका रविवारी मी तिथून पाच वाणी उचलले आणि बरणीत घातले. वाणी म्हणजे पावसाळ्यात निघणारा तो पुष्कळ पायांचा किडा, हात लावला की चकलीसारखी गुंडाळी करतो. पण हे शेतातल्यांसारखे नव्हते. काळेभोर, अंगाच्या प्रत्येक वेढ्याच्या काठाला विटेच्या रंगाची बारीक रेघ, आणि वास थेट आयोडीनचा. असा मी कधी पाहिला नव्हता.

पुण्यात या विषयाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी भिंगाखाली बराच वेळ पाहिलं.

"मॅडम, हा नवा दिसतो. पण हा दौंडचा नाही."

"मी स्वतः उचललाय."

"हे जंगलातले प्राणी. तुमच्याकडे ऊस आणि बाभळी. शाळेची सहल कुठे गेली होती यंदा?"

"भीमाशंकरला."

"बघा. बरण्यांची अदलाबदल झाली असेल. होतं असं."

माझ्या घरात मिठाच्या बरणीवरही चिठ्ठी असते. या बरणीवर तारीख, वेळ, कुठल्या झाडाखाली सापडले ते आणि माझी सही होती. प्राणी नवा आहे की जुना, हे मी तिथेच विसरले. मी खोटी ठरत होते, ते मला चालणार नव्हतं.

वर हेही कळलं, की पाचही माद्या आहेत. नराच्या सातव्या वेढ्यावर चालायचे पाय नसतात. तिथे वेगळ्या घडणीची एक जोडी असते आणि तिच्या आकारावरून जात ठरते. मादीवरून ठरत नाही, याचाही मला राग आला. "नर आणा," प्राध्यापक म्हणाले, "आणि कुठून आणला त्याचा साक्षीदार आणा."

मी वाडीवर गेले. देवीची पूजा एक म्हाताऱ्या विधवा बाई करत, सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांना मी खरं ते सांगून टाकलं.

"पाच नेलं? तुमी शिकल्यासवरल्या, आन् इचारलं बी न्हाई व्हय?"

"चुकलं, मावशी. पण अजून एक लागतो."

"आता एक बी न्हाई. देवीचं ते देवीचं."

मी खूप समजावलं. त्यांनी तांदूळ निवडता निवडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बांधाच्या आत हात घालायचा न्हाई. आपल्या पायानं भाईर आला, तर देवीनंच सोडला म्हनायचं. मोराचं पीस बी आमी तसंच घेतो."

"पाय तर त्याला पुष्कळ आहेत."

"मग बसा."

बसले. श्रावणात रोज सकाळी, शाळेच्या आधी, घडीची खुर्ची, छत्री आणि वही घेऊन दगडी बांधाच्या बाहेर. घरी तुमचे आजोबा म्हणाले, "शेजाऱ्यांना काय सांगू? बायको उसाच्या वाटेवर किड्याची वाट बघत बसलीय म्हणून?"

"तसंच सांगा. खरं आहे ते."

वाटेने कारखान्याला जाणारे लोक गाडी हळू करत. "बाई, कुणाची वाट बघताय?"

"नवरदेवाची."

दुसऱ्या दिवसापासून तेच विचारू लागले, "बाई, आला का नवरदेव?" माद्या येत होत्या. पोस्टकार्डावर घेऊन, भिंगातून पाहून मी त्यांना पुन्हा बांधापलीकडे सोडत होते. वहीत लिहीत होते: सात वीस, मादी. सात पस्तीस, मादी.

नवव्या दिवशी भुरभुर थांबल्यावर दोन दगडांच्या फटीतून एक बारीकसा बाहेर आला. सरळ वाटेच्या मधोमध. पोस्टकार्डावर उलटा केला, वेढे मोजले. सातव्यावर चालायच्या पायांच्या जागी खाच, आत ती वेगळी जोडी. तीनदा मोजले. मग मावशींना हाक मारली.

त्यांनी भिंगातून पाहिलं. "आता मारनार?"

"हो."

मी काही सारवासारव केली नाही. चिठ्ठीवर वाडीचं नाव लिहिलं, सही केली. मावशी म्हणाल्या, "माजा अंगठा घ्या. माज्यासमोर आला." शाईचा अंगठा लावलेली ती चिठ्ठी मी बरणीत नाही, बरणीबाहेर दोऱ्याने बांधली, म्हणजे आतल्या स्पिरिटने शाई पुसणार नाही.

वर्षभराने नव्या जातीचं वर्णन शोधपत्रिकेत छापून आलं. नाव प्राध्यापकांनी ठेवलं, मला विचारलं नाही. पण जिथे सापडला ते ठिकाण वाडीच्या नावानिशी आहे. तुमच्या बाईंना ते दाखवा.

पुढच्या श्रावणात प्राध्यापकांचा फोन आला. अभ्यासाला आणखी दोन नर हवे होते, मी रानातून उचलून पाठवले तर बरं होईल म्हणाले.

"उचलता येत नाहीत," मी म्हटलं. "खुर्ची आहे. या आणि बसा."