सासूबाईंच्या आजोबांची भरती

सासूबाईंच्या आजोबांना मी शत्रूच्या सैन्यात भरती केलं. मेल्यानंतर, आणि पितळी पट्टीवर कोरून.

काल त्यांच्या घरी बूट काढायला वाकलो, तर भिंतीवरच्या फ्रेमखालची स्क्रूची दोन भोकं नेमकी डोळ्यांसमोर आली. आतून कॉफीचा वास आणि ती भोकं. तो सगळा वाढदिवस पुन्हा अंगावर आला.

सासूबाई जर्मन, त्यांची आई बोहेमियातून आलेली. लेकीने पुण्याचा नवरा केला हे त्यांनी अजून माफ केलेलं नाही. मीही त्यांच्या बटाट्याच्या सॅलडवर त्यांच्यादेखत लाल तिखट भुरभुरून परतफेड करतो. आयुष्यभर कपाटात तोंड लपवून बसलेला आजोबांचा फोटो ऐंशीव्या वाढदिवसाला त्या पहिल्यांदाच भिंतीवर लावणार होत्या. फ्रेमचं काम मी मागून घेतलं. इथे जर्मनीत, येना शहरातल्या भिंगांच्या कारखान्यात माझी हयात गेलेली. नुसती फ्रेम करून गप्प कसा बसेन? तीन आठवडे भिंग लावून गणवेश न्याहाळला. टोपीवर तिरकी दुरंगी फीत, अर्धी पांढरी, अर्धी काळी. काळा-पांढरा म्हणजे प्रशिया, म्हणजे जर्मन फौज. गेनाऊ, अगदी बरोबर! पट्टी कोरून घेतली आणि फ्रेमखाली दोन स्क्रूंनी भिंतीवर बसवली: 'प्रशियाचा शूर शिपाई'.

पाहुण्यांसमोर सासूबाईंनी ती वाचली. आत गेल्या आणि एक विटकी फीत आणून माझ्या केकच्या बशीत टाकली. पांढरी आणि लाल.

"हे काळं दिसतं तुम्हाला?"

जुन्या फोटोंत लाल रंग काळा उमटतो, हे मी कारखान्यात नव्या लोकांना शिकवत आलो होतो. तरी तोंड उघडलंच, "आल्झो, म्हणजे तांत्रिकदृष्ट्या..."

"अहो, गप्प बसा," बायको म्हणाली. माझी अब्रू जायला लागली की तिला मराठी सुचतं.

"माझे आजोबा बोहेमियातले चेक," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सम्राटाची फौज सोडून, स्वतःहून, रशियाच्या बाजूने लढणाऱ्या चेक पलटणीत गेले. त्यापायी जर्मन शेजारी माझ्या आईला गद्दाराची पोर म्हणायचे, अंगावर थुंकायचे. तिने ही फीत कोटाच्या अस्तरात शिवून इथवर आणली. आणि तुम्ही त्यांना त्याच लोकांत नेऊन उभं केलंत. मला एकदा विचारायचं होतंत."

खरंच, विचारलं नव्हतं. त्या काळच्या फोटोच्या काचेला बिचारीला लाल दिसतच नसे. मला सगळे रंग दिसतात. फक्त टेबलापलीकडे बसलेलं, सगळं ठाऊक असलेलं माणूस दिसलं नाही. काळ माणसांचे रंग उडवतो म्हणतात. चुकीचे रंग भरायला मात्र माझ्यासारखा जावई लागतो.

पट्टी मी त्याच दिवशी उपटली होती. काल धीर करून म्हणालो, "ही भोकं बुजवून देतो."

सासूबाईंनी काठीने माझे बूट बाजूला सारले.

"राहू देत. अख्ख्या युद्धात आजोबांना एक गोळी लागली नाही. ही दोन भोकं तुमची आहेत."