गोळी घेऊन काहीच दिसलं नाही

"ट्रीटमेंट-रेझिस्टंट डिप्रेशन," डॉक्टर म्हणाले. म्हणजे औषधांना दाद न देणारं नैराश्य. मी त्यांच्या टेबलावरचा पंखा बघत होते. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला काय झालंय ते मलाच समजावून सांगत होत्या.

आमचा देऊळघाटला भाजीपाल्याचा मळा. सुरुवात तिथेच झाली. भरदुपारी वांगी तोडताना माझा हात मला परका वाटला. वांगं तोडत होता तो, पण माझ्या सांगण्यावरून नव्हे. माझा आवाज शेजारच्या वावरातून आल्यासारखा यायचा. याला डीपर्सनलायझेशन म्हणतात, म्हणजे आपण आपल्यात नसणं. तुमच्या घरात कुणी असं सांगितलं तर हसू नका. मी सांगितलं नाही, गप्पच झाले. आत्याबाईच मला दोन्ही वेळ भरवायच्या, वेणी घालायच्या.

दोन-तीन औषधं वाया गेल्यावर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात एका नव्या गोळीच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, मला घेतलं. सायकेडेलिक औषधांनी नाही ते दिसतं, पण काहींचं मनही ताळ्यावर येतं म्हणे. त्यातलं दिसणं काढून फक्त गुण ठेवायचा, असा हा खटाटोप. माझ्या गोळीत औषध आहे की नुसती साखर, ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. "काही दिसलं तर लगेच सांगा, गोळी थांबवावी लागेल," एवढं मात्र त्यांनी बजावलं.

आत्याबाईंना हे पटेना. आमच्या देवीच्या ठाण्यावर बरं झालेली बाई आधी काय दिसलं ते सांगते, मगच नारळ फुटतो. काही न दाखवणारं औषध त्यांच्या लेखी पाणीच.

काही आठवड्यांनी मला भाजीत मीठ कमी लागलं. बऱ्याच दिवसांत मिठाची चव कळलीच नव्हती. त्याच सुमारास तपासणीला गेलो. डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि माझ्याआधी आत्याबाई बोलल्या, "दिसते न. एक बाई दिसते. खाटंवर बसते, बोलत नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. गोळी बंद होणार, मी पुन्हा त्या परक्या हातांत जाणार.

"मले कोनीच दिसत नाही, डॉक्टर," मी म्हणाले. "ह्या मनानं सांगून राह्यल्या."

आत्याबाईंना बाहेर बसवून डॉक्टरांनी मला खोदून खोदून विचारलं. गोळी चालू राहिली.

परतीच्या बसमध्ये मी आत्याबाईंवर जाम चिडले. बसने धाड गाव सोडल्यावर त्या म्हणाल्या, "मी खोटं नाही बोलली. ते बाई मलेच दिसे. तुह्या खाटंवर बसे, तुह्यं पातळ नेसून. हाक मारली का पाहे. पन तू नोहती ते. मले भेव लागे. मले वाटलं, तुलेबी दिसत असंन."

मी विचारलं, आता दिसते का? त्यांनी माझं तोंड नीट न्याहाळलं आणि नकारार्थी मान हलवली.

"मंग तिले रोज जेवू काऊन घातलं, आत्याबाई? येनी काऊन घातली?"

"तू वापस आल्यावर तुह्याच अंगाले लागंन न, माय," त्या म्हणाल्या.

गोळीत काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. जिला त्या घाबरत होत्या, तिला त्यांनी दोन्ही वेळ जेवू घातलं, हे मला कळलं.